सिंधूचा जबाब

गेल्या वर्षी नेवासा तालुक्यातल्या एका शाळेत मी किशोरींच्या गटासाठी जात होते. एके दिवशी मराठीचे सर म्हणाले, "ताई, आजचा तास मला द्या, मुलांना 'एकच प्याला' वाचून दाखवायचंय." मागच्या बाकावर बसून मीही ऐकले. सर सुरेख वाचतात. शेवटचा प्रवेश आला तेव्हा निम्म्या मुली डोळे पुसत होत्या.

मग फळ्यावर प्रश्न आला: सिंधूचे स्वभावचित्र रेखाटा. मदतीला शब्दही दिले, सोशिक, पतिव्रता, त्यागी. मुलींनी निमूटपणे वहीत उतरवून घेतले.

मैत्रिणींनो, तो शेवट आठवून पाहा. दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्हे मूल जाते, सिंधूवर जीवघेणा मार बसतो. पोलीस येतात, आणि मरताना सिंधू नवऱ्याला वाचवायला खोटा जबाब देते. राम गणेश गडकरी गेले त्याच वर्षी, 1919 साली, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सिंधू झाले बालगंधर्व. तेव्हापासून या जबाबावर प्रेक्षक रडत आले आहेत.

मी मात्र हा जबाब दवाखान्यात ऐकला आहे. अंगभर भाजलेली बाई, उशाशी सासू, दाराशी नवरा. "स्टोव्हचा भडका उडाला." मरणाऱ्याचा जबाब कोर्टात पुरावा म्हणून धरला जातो, त्यामुळे ते एक वाक्य पडले की पुढची केस लुळी पडते. तिच्या डोक्यात एकच हिशोब असतो, मागे राहिलेल्या पोरांना कोण बघेल. याला आम्ही वर्गात त्याग म्हणून शिकवणार?

नाटक शिकवू नका, असे मी म्हणत नाही. दारू घरात कशी शिरते ते गडकऱ्यांनी नेमके पाहिले होते: वकिलीतला अपमान, तळीरामासारखा दोस्त, पहिला पेला. आपल्याच जिल्ह्यात पांगरमलला 2017 च्या फेब्रुवारीत निवडणुकीच्या जेवणावळीतल्या विषारी दारूने माणसे मेली, तेव्हा हे नाटक जुने झाले असे कुणी म्हणू नये. पण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. तिचे स्वभावचित्र कुणी विचारत नाही. विनोदी पात्र म्हणून तिची बोळवण होते.

सिंधूला तेव्हा घटस्फोट नव्हता. तो 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. 498 अ कलम 1983 चे (आता न्याय संहितेत ते 85 वे झाले आहे), कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा. हे धड्याबरोबर सांगायला किती वेळ लागतो?

सरांना मी हे बोलले. ते रागावतील असे वाटले होते, पण तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "आमची आई पण पायरीवरून पडले म्हणूनच सांगती." वर्ग एकदम गप्प झाला. सरही.

पुढच्या आठवड्यात सरांनी प्रश्न बदलला: सिंधूने खरे सांगितले असते आणि ती जगली असती, तर पुढे काय झाले असते? वह्या त्यांनी मला वाचायला दिल्या. बऱ्याच जणींनी लिहिले होते, भाऊ तिला माहेरी घेऊन गेला असता. दोघींनी त्यापुढे आणखी एक ओळ लिहिली होती: चार दिवसांनी माहेरच्यांनीच तिला परत आणून सोडले असते.