क्रियापदाचा प्रश्न

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. मुलांकडून मिळावयाच्या निर्वाहखर्चावर त्याने दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. महागाई वाढत गेली. मर्यादा तेथेच राहिली. ती काढणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले, पण संमत झाले नाही. याहून घातक आहे कलम १९. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांचा वृद्धाश्रम सरकारने काढलाच पाहिजे, असे ते म्हणत नाही. 'काढता येईल' एवढेच म्हणते. हक्काची भाषा करावयाची आणि क्रियापद मर्जीचे योजावयाचे, ही सरकारी व्याकरणाची जुनीच खोड! अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला कुशीवर वळविण्यास माणूस लागते. ते काम बहुधा घरातील सून वा लेक बिनवेतन करते. तिला मदतनीस मिळण्याची तरतूद या कायद्यात नाही. संसदेने आरंभ निदान कलम १९ च्या क्रियापदापासून करावा.