सलाईन लावलं का?

आमच्या सोसायटीत कुणाला जुलाब-उलट्या झाल्या की दुसऱ्या दिवशी जिन्यात ठरलेला प्रश्न येतो, "सलाईन लावलं का?" लावलं असेल तर डॉक्टर हुशार. जलसंजीवनीचं पाकीट देऊन घरी पाठवलं तर त्याला काही येत नाही! मला हे फार खटकतं. मीठ-साखरेचं पाणी म्हणजे गरिबांसाठीची तडजोड, असं आपण मनाशी धरून बसलोय.

लहान आतड्याचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड असतं. दर चार-पाच दिवसांनी त्यातल्या पेशी बदलतात. कॉलऱ्याचा जंतू हे अस्तर फोडून आत घुसत नाही. तो एक विष सोडतो. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी ते प्रयोगातून दाखवून दिलं. (किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? असो.) या विषामुळे पेशीतलं क्लोराइडचं दार सताड उघडं राहतं. क्लोराइड बाहेर पडतं, त्याच्या मागे सोडियम, आणि त्यांच्या मागे पाणी. रोगी तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. गंमत म्हणजे हेच दार जन्मापासून नीट उघडत नसेल तर सिस्टिक फायब्रोसिस होतो, आणि फुप्फुसात चिकट कफ साठत जातो.

पण त्याच पेशीला आणखी एक दार आहे. त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, एकट्याला प्रवेश नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पुरत नाही. साखर सोबत असली की मीठ आत जातं आणि पाणी त्याच्या मागून येतं. साखर चवीसाठी नाहीच मुळी!

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे पाणी पिंपात भरून ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाईकांवर सोपवलं. शंभरात तीसेक मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

बेशुद्ध माणसाला, पाणी पोटात ठरतच नसेल त्याला किंवा शरीर पार सुकलेल्याला सलाईनच हवं, त्यात वाद नाही. माझा राग आहे तो उरलेल्या सगळ्यांना सुई टोचण्यावर. आणि त्याहून जास्त राग आहे औषधाच्या दुकानातल्या त्या गोड डब्यांवर. जास्त साखर आतड्यात पाणी उलट ओढून घेते आणि जुलाब वाढतात. तरी अशी पेयं वर्षानुवर्षं 'ओआरएस' नावाने खपली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या नावाला मनाई केली, तोवर किती लेकरांना ती पाजली गेली असतील कोण जाणे.

पाकीट नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. आणि अर्धा म्हणजे अर्धाच.