थंडीतलं वाळवण

‘पान लागलं’ असं आमच्याकडे म्हणतात. रात्री सापाचं नाव घेत नाहीत. कंधार-मुखेडच्या माळावर सोयाबीनचे ढीग उचलताना, नाहीतर वीज रात्रीच्या पाळीला आली म्हणून अंधारात दारं धरताना पान लागतं. त्यानंतर मारुतीच्या पारावर किती वेळ वाया जातो, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. गावाला शहाणपण शिकवणं सोपं असतं. माणूस शहाणपणाने थेट सरकारी दवाखान्यात पोचला, तर पुढे काय होतं?

तिथल्या कपाटात काचेची छोटी बाटली असते आणि तिच्या तळाशी पांढुरकी कोरडी वडी. लोक तिला ‘सापाची लस’ म्हणतात, पण ती लस नव्हे. घोड्याला विषाच्या लहान लहान मात्रा टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली ती प्रतिद्रव्यं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा उतारा एकाच बाटलीत असतो. परळला १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेपासून सुरू झालेल्या हाफकिन संस्थेचं नाव महाराष्ट्रात या औषधाशी कायमचं जोडलेलं आहे. औषधाचं पाणी काढायचं तर ते आधी गोठवतात, मग निर्वात पेटीत त्यातल्या बर्फाची, पाणी होऊ न देता, थेट वाफ करतात. आपल्या कुरडया-पापडांना ऊन लागतं. या वाळवणाला कडाक्याची थंडी लागते, कारण उन्हात ही प्रथिनं शिजून निकामी झाली असती. गंमत म्हणजे तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळ आदिवासींची सहकारी संस्था औषध कंपन्यांना जे विष पुरवते, तेही असंच वाळवलेलं. विषाचीही पावडर, उताऱ्याचीही पावडर.

हा खटाटोप किनवट-माहूरसारख्या भागासाठीच आहे. पातळ औषधाला दोन ते आठ अंशांचा फ्रीज अखंड चालू लागतो, आणि आपल्या विजेच्या फिडरचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. पावडर पंचवीस अंशांच्या आत, सावलीत, चार-पाच वर्षं टिकते. मात्र पावडर आहे म्हणून ती मे महिन्यातल्या नांदेडात पत्र्याखालच्या कपाटावर टाकून चालत नाही. तिथे पारा बेचाळीसच्या वर जातो.

कोरडी असते तोवर ही बाटली सोशिक असते. पाणी पडलं की तिचे नखरे सुरू होतात. दहा मिली निर्जंतुक पाणी सोडायचं आणि बाटली तळहातात हळू फिरवायची. घाईने खळाखळा हलवली की फेस येतो आणि फेसात औषध बिघडतं. नीट विरघळायला कधी पंधरा-वीस मिनिटंही लागतात. गढूळ राहिलं तर फेकायचं. विरघळलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. आणि बाटली एक नसते, दहा असतात. हा आकडा कुणाच्या मर्जीचा नाही. एक मिली औषध घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं, म्हणजे दहा बाटल्यांचे शंभर मिली साठ मिलिग्रॅम. आणि घोणस एका दंशात सरासरी तेवढंच, त्रेसष्टच्या आसपास, सोडते. पाच वर्षांच्या पोरालाही तितक्याच बाटल्या लागतात, कारण पोर लहान आहे म्हणून साप विष मोजून सोडत नाही.

आता रात्री दोनला प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डॉक्टर आणि एक सिस्टर आहेत असं धरा. दहा बाटल्या फिरवायच्या, सलाईनमध्ये मिसळून तासाभरात सोडायच्या, रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का बघायचं, आणि घोड्याच्या प्रथिनाची रिॲक्शन आलीच तर मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रिनलिन द्यायचं. या रिॲक्शनच्या भीतीनेच बहुतेक ठिकाणी दोनच शब्द उच्चारले जातात: ‘पुढे न्या’. किनवटहून नांदेडच्या विष्णुपुरीचं रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब आहे. जळकोट-देवणीकडचा माणूस उदगीरवरून लातूर गाठतो. रस्त्यात विष आपलं काम करत राहतं, आणि बाटल्या मागे कपाटात राहतात. विधिमंडळात प्रश्न आला की उत्तर मिळतं, साठा पुरेसा आहे. ते खोटं नसतंच. न वापरलेल्या औषधाचा साठा पुरेसाच असणार.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या अशाच एका केंद्रात रुजू झाले. विंचवाचे रुग्ण पुढे न ढकलता ते उशाशी बसून राहिले, नोंदी करत राहिले, आणि त्यातून जगाने घेतलेला उपचार निघाला. प्रत्येक डॉक्टर बावस्कर व्हावा अशी मागणी कुणी करणार नाही. पण दहा बाटल्या विरघळवायला प्रतिभा लागत नाही, सराव लागतो.

केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचं त्यात ठरलं आहे. आराखड्यासाठी फार पैसे लागतील अशी ओरड होण्याआधी बिनखर्चाचं एक काम सुचवतो. मुदत संपलेल्या बाटल्या नष्ट करण्यापूर्वी प्रत्येक केंद्राने त्यांतल्या चार बाजूला काढाव्यात आणि पेरणीआधी, मे महिन्यात, शिपायापासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाने एकेक हातात घेऊन, घड्याळ लावून, फेस न येऊ देता विरघळवून दाखवावी. साठ्याच्या रजिस्टरात ‘शिल्लक’ नावाचा रकाना आहेच. त्याच्या शेजारी आणखी एक आखावा: दंश झाल्यापासून पहिली बाटली सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली.