जॉकीची उमेदवारी

या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र पुण्याच्या एका वृद्ध भगिनींचें आहे. त्यांचा मुलगा कुटुंबासह इंग्लंडांत केंब्रिज येथें स्थायिक झाला असून नातवास नुकतेंच सोळावें वर्ष लागलें आहे. नातू हुषार आहे, पण लहानपणापासून त्याला घोड्यांचें वेड. जवळच न्यूमार्केट नांवाचें गांव आहे, तेथें शर्यतीच्या स्वारांची शाळा आहे, आणि परीक्षा आटोपतांच आपण त्या शाळेंत जाणार व पुढें जॉकी होणार, असें त्यानें घरांत जाहीर केलें आहे. आई डोळ्यांस पदर लावते, वडील बोलत नाहींत, आणि इकडे पुण्यास थोरले काका म्हणतात कीं, आपल्या घराण्यांत आजवर कोणी रेसच्या फाटकांतून आंत गेलेला नाहीं. आजीबाई विचारतात : "हा धंदा तरी कसला, हें मला नीट समजावून सांगा. मी नातवाला काय लिहूं?"

थोरल्या काकांची हरकत प्रथम घेऊं. पावसाळ्यांत पुण्यास आणि हिवाळ्यांत मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यती भरतात, आणि त्यांच्या पायीं बुडालेल्या एखाद्या संसाराची गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक असते. त्यामुळें शर्यत म्हणजे पैज व पैज म्हणजे नाश, हें समीकरण आपल्या मनांत पक्कें बसलें आहे. पैजेविषयींचा हा तिटकारा मी चुकीचा म्हणणार नाहीं. मात्र पैज लावणारा निराळा आणि घोड्यावर बसणारा निराळा. जॉकीस तर शर्यतीवर पैज लावण्याची नियमानेंच बंदी असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला, तेव्हां घोड्याच्या तयारीबरोबर स्वाराच्या कसबाचाहि विचार केला होता. नातू जुगारांत शिरत नसून एका कसबाची उमेदवारी करूं पाहत आहे, एवढें काकांस सांगावें. भीति बाळगावयाचीच असेल तर ती एका निराळ्याच वस्तूची बाळगली पाहिजे. ती वस्तु म्हणजे तराजू.

शर्यतींत प्रत्येक घोड्यानें किती भार वाहावयाचा हें आधीं ठरलेलें असतें. पुष्कळ शर्यतींत चांगल्या घोड्यावर अधिक व सामान्य घोड्यावर कमी भार घालून सर्वांस सारखी संधि देण्याचा प्रयत्न होतो. म्हणून स्वार आपलें खोगीर हातांत घेऊन शर्यतीपूर्वीं तराजूवर बसतो, आणि जिंकणाऱ्यास शर्यतीनंतर पुन्हां बसावें लागतें. वजन कमी भरलें तर खोगिराखालच्या कापडांत शिशाचे तुकडे घालून तें पुरें करतां येतें. जास्त भरलें तर मात्र उपाय नाहीं. शिसें काढून ठेवतां येतें, अंगावरचें मांस काढून ठेवतां येत नाहीं. ज्या वयांत मुलाची उंची वाढते, हाडें भरतात आणि भूक आवरत नाहीं, नेमक्या त्याच वयांत ही विद्या शिकावयाची असते. ज्या वाढीचें घरांत कौतुक व्हावयाचें, तीच वाढ येथें वैरीण ठरते.

याचा परिणाम कोठवर जाऊं शकतो, हें फ्रेड आर्चरच्या चरित्रावरून दिसतें. हा १८५७ सालीं जन्मला. बापहि जॉकी, त्यानें १८५८ ची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकली होती. फ्रेड अकरा वर्षांचा होतांच त्यास न्यूमार्केट येथें मॅथ्यू डॉसन या शिक्षकाच्या तबेल्यांत उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. मुलगा असामान्य निघाला. १८७४ पासून १८८६ पर्यंत सलग तेरा वर्षें तो इंग्लंडचा अग्रगण्य जॉकी होता. डर्बी त्यानें पांच वेळां जिंकली, आणि एकंदर २,७४८ शर्यतींत त्याचा घोडा पहिला आला. परंतु तो उंच वाढला, पांच फूट दहा इंचांच्या जवळपास. हिवाळ्यांत शर्यती बंद असतांना त्याचें वजन सुमारें ७० किलोपर्यंत जाई, आणि हंगाम सुरू झाला कीं तें उपासानें व रेचकांनीं उतरवावें लागे. १८८४ सालीं बाळंतपणांत त्याची पत्नी वारली. पुढें दोन वर्षांनीं, १८८६ च्या शरद ऋतूंत, केंब्रिजशायर नांवाच्या शर्यतीसाठीं त्यानें स्वतःस सुकवून सुमारें ५४ किलोवर आणलें. शर्यत अगदीं थोडक्यानें हुकली. झिजलेल्या शरीरास ज्वरानें गांठलें, आणि ८ नोव्हेंबर रोजीं, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षीं, त्या ज्वराच्या भ्रमांत त्यानें आपल्या हातानें आयुष्य संपविलें. त्याच्या कीर्तीस सर्व देश साक्षी होता. पण त्याच्या ताटांत काय पडतें, हें पाहणें कोणाचेंच काम नव्हतें.

यानंतरहि बराच काळ ही गोष्ट ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेली होती. लेस्टर पिगट या मुलानें १९४८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, पहिली शर्यत जिंकली आणि १९५४ सालीं अठराव्या वर्षीं पहिली डर्बी. पुढें एकंदर नऊ डर्बी त्याच्या नांवावर लागल्या. तोहि जॉकींच्या मानानें उंच होता, आणि त्याच्या अर्धपोटीं राहण्याच्या गोष्टी लोक कौतुकानें सांगत. गॉर्डन रिचर्ड्‌सची गोष्ट मात्र निराळी. कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्याचा हा मुलगा मुळांतच ठेंगणा व हलका; तो २६ वेळां अग्रगण्य जॉकी ठरला व १९५३ सालीं त्यास 'सर' ही पदवी मिळाली. गुण दोघांतहि होते. पण एकास देहानें साथ दिली, आणि दुसऱ्यास देहाशीं आयुष्यभर भांडावें लागलें. आजीबाईंनीं आपल्या पत्रांत सहज लिहिलें आहे कीं, "आमच्या घरचे पुरुष सगळे उंच." माझ्या मतें त्यांच्या पत्रांतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य तेंच आहे.

आतां शाळेविषयीं. न्यूमार्केट हें हजारों शर्यती घोड्यांचें गांव. पहाटे घोड्यांच्या रांगा टेकडीकडे दौडीस निघतात, आणि त्यांस रस्ता ओलांडतां यावा म्हणून मोटारी थांबून राहतात. तेथील शाळा १९८३ सालीं निघाली. उत्तरेकडे डॉंकास्टरजवळहि अशीच एक शाळा आहे. सोळा वर्षें पुरीं झाल्यावर मुलांस व मुलींस तेथें राहून कांहीं आठवड्यांचें प्राथमिक शिक्षण घेतां येतें. आरंभ घोड्यावर बसण्यानें होत नाहीं. लीद काढणें, खरारा करणें, चारा-पाणी पाहणें, पायांची तपासणी करणें, हें सर्व आधीं. यांत्रिक घोड्यावर बसून तोल व लगाम यांचा अभ्यास होतो. काय खावें व वजन कसें राखावें हाहि एक विषयच असतो. इंग्रजी व गणित कच्चें असेल तर त्याचीहि तयारी करून घेतात. नंतर मुलगा एखाद्या तबेल्यांत पगारी नोकर म्हणून लागतो, आणि तेथील शिक्षकास तो योग्य वाटला तरच त्यास उमेदवार-जॉकीचा परवाना मिळण्याची वाट मोकळी होते. शाळेंत जाणाऱ्यांपैकीं बहुतेक मुलें जॉकी होत नाहींत. तीं तबेल्यांत स्वार व घोड्यांचीं परिचारक म्हणून राहतात. तें काम प्रामाणिक व मानाचें आहे. पण नातवाच्या स्वप्नांत सध्यां तें नसणार.

परवाना मिळाला म्हणजे चिंता मिटली असेंहि नाहीं. नवख्या स्वारास कोणी घोडा द्यावा म्हणून एक सवलत ठेवलेली आहे. ब्रिटनमध्यें सपाट मैदानावरील उमेदवाराच्या घोड्यास आरंभीं ७ पौंड, म्हणजे तीन किलोंहून थोडा अधिक, भार माफ होतो. २० शर्यती जिंकल्यावर ही माफी ५ पौंडांवर, ५० जिंकल्यावर ३ पौंडांवर येते, आणि ९५ झाल्यावर ती मुळींच राहत नाहीं. म्हणजे मुलगा जसजसा यशस्वी होतो तसतसा त्याचा आधार काढून घेतला जातो. सवलतीच्या लोभानें ज्यांनीं त्यास घोडे दिले, तेच लोक ती संपतांच दुसऱ्या नवख्या मुलाकडे वळूं शकतात. ऐन विशींत कीर्ति मिळून दोन वर्षांत विस्मृतींत जाणारे तरुण या धंद्यांत विरळा नाहींत.

आईचें भय पडण्याचें आहे, आणि तें खोटें नाहीं. धांवत्या घोड्यांच्या मागून रुग्णवाहिका चालत असते, यावरूनच काय तें समजावें. अर्धपोटीं राहणाऱ्या जॉकींचीं हाडें ठिसूळ होतात असेंहि वैद्यकीय तपासण्यांत आढळलें आहे. पण येथें सुधारणाहि झाली आहे. दोन जॉकी पाठोपाठ अपंग झाल्यावर १९६४ सालीं जखमी जॉकींसाठीं एक निधि उभा राहिला, आणि आज त्याचीं तीन उपचारगृहें आहेत. त्यांतील एक न्यूमार्केटलाच आहे. घाम गाळून घटकाभरांत वजन उतरविण्यासाठीं मैदानांवर ज्या उष्ण खोल्या असत, त्या २०२१ सालीं कायमच्या बंद करण्याचें ठरलें. कमींत कमी भाराची मर्यादाहि जुन्या काळाच्या मानानें बरीच वर आली आहे. आर्चरला जें मिळालें नाहीं, तें थोडेंबहुत तरी आजच्या मुलास मिळतें.

हा मार्ग मुलींसहि मोकळा आहे, हें आमच्या भगिनीवाचकांस सांगितलें पाहिजे. हेली टर्नर हिनें २००५ सालीं उमेदवारांतील पहिला मान एका तरुणाच्या बरोबरीनें मिळविला, आणि २००८ सालीं एका वर्षांत १०० शर्यती जिंकणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली. २०२१ सालीं आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोर हिनें ग्रँड नॅशनल जिंकली. तराजू स्त्री-पुरुष असा भेद करीत नाहीं. त्याचा जाच दोघांसहि सारखाच.

तेव्हां आजीबाई, नातवास 'नको' असें लिहूं नका. सोळा वर्षांच्या मुलास नको म्हटलें कीं तो तेंच धरून बसतो. आणि त्याची ओढ खरी आहे. पण 'हो' म्हणतांना घरानें आपलें काम करावें. हातीं असलेली परीक्षा त्यानें आधीं पुरी करावी. डॉक्टरकडून त्याची उंची अजून किती वाढेल याचा अंदाज घ्यावा, आणि तो मुलापासून लपवूं नये. आईवडिलांनीं स्वतः शाळेंत जाऊन यावें. मात्र तेथें भिंतीवर लावलेल्या विजयी विद्यार्थ्यांच्या तसबिरी पाहून परत येऊं नये. ज्या मुलाची उंची दुसऱ्या वर्षीं तीन इंचांनीं वाढली, त्याचें तुम्ही काय केलेंत, असा प्रश्न विचारावा. या प्रश्नाचें उत्तर जी शाळा न अडखळतां देईल, तिच्या हातीं मुलगा द्यावा. जिंकणाऱ्याची काळजी सगळें जग घेतें; शाळेची परीक्षा जो जिंकत नाहीं त्याच्यावरून होते.

आणि घराचीहि परीक्षा त्यावरूनच होते. डॉक्टरकीच्या, इंजिनियरीच्या किंवा स्पर्धापरीक्षेच्या मागें लागलेलीं आपलीं मुलें तरी दुसरें काय करतात? त्यांनाहि आपण रोज एका पारड्यांत घालून पाहतोंच. फक्त त्यांचें पारडें दिसत नाहीं. म्हणून आजीबाई, पत्राच्या शेवटीं त्यास एवढें अवश्य लिहा कीं, तूं जा, मन लावून शीक, वेळेवर जेव आणि दर रविवारीं आईस खरें वजन कळव. आणि कधीं परत यावेंसें वाटलें तर ये. तो परत आलाच, तर "आम्ही म्हणत नव्हतों का?" हें वाक्य घरांत कोणीहि उच्चारावयाचें नाहीं, असें थोरल्या काकांकडून मात्र आजच कबूल करून घ्या.