धूसरपणा ही पळवाट नव्हे

ऐतिहासिक चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते ठरलेले आहे. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, मागे धुराचे लोट आणि मधोमध तेजस्वी चेहऱ्याचा नायक. पगडीचा पेच बरोबर आहे का, तलवारीची मूठ त्या काळातली आहे का, एवढे तपासले की चित्राची पारख झाली असे आपण मानतो. या मापाने मोजले तर गेऱ्हार्ड रिश्टर हे जर्मन चित्रकार पहिल्याच फेरीत बाद होतील. त्यांच्या युद्धचित्रांत लढाईचा आवेश नाही आणि व्यक्तिचित्रांत चेहरा धड दिसत नाही. ओल्या रंगावरून कोरडा कुंचला फिरवून सगळ्या कडा पुसून टाकलेल्या, आणि रंग म्हणावा तर बहुतेक ठिकाणी केवळ राखाडी.

त्यांच्यावर घेतले जाणारे मुख्य आक्षेप चार आहेत. पहिला, छायाचित्रावरून चित्र काढणे ही नक्कल आहे. दुसरा, धूसर चित्रण म्हणजे बाजू घेण्याची टाळाटाळ. तिसरा, त्यांनी दहशतवाद्यांचे उदात्तीकरण केले. चौथा, छळछावणीसारख्या विषयावर अमूर्त रंग फासून त्यांनी पुरावाच झाकला. हे चारही आक्षेप मला चुकीचे वाटतात. ते खोडून काढल्यावर जे उरते, ते आजच्या इतिहासचित्राचे सर्वांत भक्कम समर्थन आहे असे माझे मत आहे.

आधी हा माणूस कुठून आला ते पाहिले पाहिजे. रिश्टर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३२ रोजी ड्रेस्डेनमध्ये झाला. त्यांना तेरावे वर्ष पूर्ण झाले आणि चारच दिवसांनी, १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री, दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्बफेक सुरू केली. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. त्यांचे कुटुंब तेव्हा शहराबाहेर गावात राहत होते, म्हणून वाचले. पुढे पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत त्यांनी ड्रेस्डेनच्याच कला अकादमीत शिक्षण घेतले. भिंतीवर मोठी चित्रे रंगवणे, आनंदी कष्टकऱ्यांचे थवे उभे करणे, हे सारे ते रीतसर शिकले. १९५६ मध्ये तिथल्या आरोग्य संग्रहालयाच्या भिंतीवर त्यांनी असे एक चित्र केलेही. १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्याआधी, ते पश्चिमेकडे निघून गेले आणि ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत नव्याने विद्यार्थी झाले. नायक रंगवता येत नाही म्हणून त्यांनी नायक टाळला, असे म्हणायला त्यामुळे जागाच राहत नाही. नायक कसा घडवतात हे त्यांनी एकापाठोपाठ एक अशा दोन राजवटींत जवळून पाहिले होते. एकीने तो वंशाच्या नावाने घडवला, दुसरीने वर्गाच्या नावाने. या अनुभवातून आलेला त्यांचा नकार ही पूर्ण विचारान्ती घेतलेली भूमिका आहे.

आता पहिला आक्षेप. १९६३ मध्ये रिश्टर यांनी ‘बॉम्बर’ हे चित्र केले, पुढच्या वर्षी ‘मस्टँग स्क्वाड्रन’. दोन्ही छायाचित्रांवरून काढलेली. विमाने उडताहेत, पहिल्या चित्रात पोटांतून बॉम्ब सुटताहेत. ज्याचे जन्मगाव अशाच विमानांनी जाळले, त्याने हे विषय निवडले. त्याला रडता आले असते, शाप देता आला असता. त्याने त्याऐवजी छायाचित्राची ती थंड, यांत्रिक नजर जशीच्या तशी कॅनव्हासवर आणली, आणि त्यामुळेच ती नजर कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. वर्तमानपत्रातले छायाचित्र आपण बातमी म्हणून पाहतो आणि पान उलटतो. तेच दृश्य माणसाने हाताने, दिवस घालवून, मोठ्या आकारात रंगवले की पान उलटता येत नाही. लढाईचे छायाचित्र कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने, कोणाच्या तरी बाजूने काढलेले असते. रिश्टर लढाई रंगवत नाहीत. लढाई आपल्यापर्यंत ज्या वाटेने पोचली ती वाट रंगवतात. याला नक्कल म्हणणाऱ्याने साधने आणि वस्तू यांतला भेदच लक्षात घेतलेला नाही.

दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. धूसरपणा म्हणजे भूमिकाहीनता, असे म्हणणाऱ्यांनी १९६५ या एका वर्षातली तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले ‘रूडीमामा’. रिश्टर यांच्या आईचा भाऊ, जर्मन सैन्याच्या लांब कोटात, कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आहे. हा १९४४ मध्ये युद्धात मारला गेला. दुसरे ‘मारियानेमावशी’. आईची धाकटी बहीण, पुढ्यात तान्हे बाळ. ते बाळ म्हणजे स्वतः रिश्टर. मारियानेला पुढे मानसिक आजार असल्याचे निदान झाले, नाझी कायद्याखाली तिची सक्तीने नसबंदी करण्यात आली, आणि युद्ध संपता संपता एका संस्थेत उपासमारीने तिचा अंत झाला. तिसरे ‘हेर हायडे’, म्हणजे ‘श्रीयुत हायडे’. वेर्नर हायडे हा मनोरुग्णांना आणि अपंगांना ठार मारण्याच्या नाझी मोहिमेतला एक प्रमुख डॉक्टर. युद्धानंतर खोट्या नावाने वर्षानुवर्षे उजळ माथ्याने डॉक्टरकी करत राहिला आणि १९५९ मध्ये कायद्याच्या हाती लागला. बळी, सैनिक आणि खुनी डॉक्टर, तिघेही एकाच वर्षी, एकाच हाताने, एकाच राखाडी रंगात. त्याआधीच्या वर्षी रिश्टर यांनी ‘समुद्रकिनाऱ्यावरचे कुटुंब’ रंगवले होते. त्यात त्यांचे सासरे हाइन्रिश ओयफिंगर हसताना दिसतात. हे गृहस्थ ड्रेस्डेनमधले स्त्रीरोगतज्ज्ञ, नाझींच्या एस.एस. दलाचे अधिकारी, आणि सक्तीच्या नसबंदीच्या शेकडो शस्त्रक्रियांना जबाबदार. या दोन घरांमधला हा भयंकर धागा युर्गेन श्रायबर या पत्रकाराने जगापुढे आणला, तो चित्रांनंतर सुमारे चाळीस वर्षांनी.

आता विचारावे, की यात धूसरपणाने काय लपवले? मला तर वाटते, काहीच लपवले नाही. उलट जर्मन कुटुंबांच्या अल्बममध्ये गुन्हेगार आणि बळी एकमेकांना चिकटून बसलेले होते, ही गोष्ट त्याने उघड केली. कराल दाढांचा राक्षस रंगवला असता तर प्रत्येक जर्मन प्रेक्षक म्हणाला असता, हा आमच्या घरातला नव्हे. हसऱ्या मामाबद्दल तसे म्हणता येत नाही. त्याचा चेहरा थोडा पुसला गेल्यामुळे तो कोणाचाही मामा होतो.

आणि बाजूचेच विचारत असाल तर एक घटना पुरेशी आहे. चेकोस्लोव्हाकियातले लिदित्से हे खेडे. जर्मन अधिकारी हायड्रिशच्या हत्येचा सूड म्हणून १० जून १९४२ रोजी नाझींनी तिथले १७३ पुरुष गोळ्या घालून मारले, बायकांना छळछावणीत धाडले, बहुतेक मुलांना विषारी वायूने संपवले आणि गाव जमीनदोस्त केले. १९६७ मध्ये लिदित्सेच्या स्मरणार्थ बर्लिनमध्ये प्रदर्शन भरले, तेव्हा रिश्टर यांनी ‘रूडीमामा’ त्या गावाच्या संग्रहाला देऊन टाकले. आपल्याच घरातला, आपल्या आजीचा लाडका सैनिक मुलगा त्यांनी बळी पडलेल्या गावापुढे उभा केला. इतकी स्पष्ट साक्ष घोषणा देणाऱ्या चित्रांत मला क्वचितच आढळली आहे.

मराठी वाचकाला पुसट चेहऱ्यांमधली ही अनिश्चितता परकी वाटू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. धड सापडले, शिर वेगळे. ओळख पटली असे काहींनी मानले, काहींनी मानले नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे आणि किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला तेव्हा तो प्रकार मिटला. पंधरा वर्षे एका राज्याला एका चेहऱ्याची खात्री नव्हती. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि दिनदर्शिकांत भाऊ घोड्यावर स्वच्छ, सुस्पष्ट असतात. त्या चित्रांतून लढाई कळते. पण पराभवानंतरच्या घराघरांतला तो संशय, ती आशा, ती फसवणूक यांना तिथे जागा नाही. लढाईचा अर्धा इतिहास रणांगणाबाहेर घडतो आणि तो धूसरच असतो. तो तसा रंगवणे हीच अचूकता.

तिसरा आक्षेप ‘१८ ऑक्टोबर १९७७’ या चित्रमालेवर आहे. १९८८ मध्ये केलेली ही पंधरा चित्रे. ‘रेड आर्मी फॅक्शन’ या पश्चिम जर्मनीतल्या सशस्त्र डाव्या गटाचे आंद्रेआस बाडर, गुडरुन एन्स्लिन आणि यान-कार्ल राश्पे त्या दिवशी स्टुटगार्टच्या श्टामहाइम तुरुंगात मृत्यू पावले. त्याआधी त्यांच्या सुटकेसाठी उद्योगपती हान्स-मार्टिन श्लायर यांचे अपहरण झाले होते आणि लुफ्तान्साचे विमान पळवले गेले होते. मोगादिशूत ओलिसांची सुटका झाली; श्लायर यांची हत्या झाली. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ही मालिका घेतली तेव्हा खुन्यांना देव्हाऱ्यात बसवले असा गदारोळ झाला.

पण चित्रांत पाहावे तर काय आहे? बंदूक उगारलेली नाही, झेंडा नाही, घोषणा नाही. एक रेकॉर्ड प्लेअर आहे. अधिकृत तपासाप्रमाणे त्याच्या आत पिस्तूल दडवलेले होते. पुस्तकांचे कपाट असलेली कोठडी आहे. फासावर लोंबणारी एक आकृती आहे, आणि १९७६ मध्ये कोठडीत मेलेल्या ऊलरिके माइनहोफच्या मृत चेहऱ्याची तीन चित्रे आहेत, एकाहून एक लहान होत गेलेली. उदात्तीकरणाला उंची लागते, प्रकाश लागतो, अनुयायांना हाक घालणारी नजर लागते. यांतले काहीही इथे नाही. एका पिढीच्या विचारसरणीने माणसे कशी मारली आणि स्वतःही कशी संपली, याची ही शोकसभा आहे. शोक करणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे. श्लायर आणि इतर बळी या मालिकेत नाहीत, ही खंत रास्त आहे. पण एका चित्रमालेने न्यायालयाचा सगळा निकाल लिहावा ही अपेक्षाच चुकीची.

या चारांबाहेरचा एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. १९७२च्या व्हेनिस बिएनालेत, जर्मन दालनात, रिश्टर यांनी ‘४८ पोर्ट्रेट्स’ मांडली. विश्वकोशांतल्या छायाचित्रांवरून घेतलेले शास्त्रज्ञ, लेखक, संगीतकार. आइनस्टाइन आहेत, काफ्का आहेत, स्त्री एकही नाही. स्त्रियांमुळे मांडणीतली एकसंधता बिघडली असती, हे समर्थन मला पटत नाही. गॉटफ्रीड हेल्नवाइन या चित्रकाराने १९९१ मध्ये ४८ स्त्रियांची चित्रे करून त्याला योग्य उत्तर दिले. पण लक्षात घ्यावे, इथे दोष निवडीचा आहे. तीच पद्धत पुढे नेऊन तो दोष दाखवता आला, यात त्या पद्धतीचे बळ आहे.

चौथा आक्षेप ‘बिर्केनाऊ’ या चित्रमालेवरचा. ऑगस्ट १९४४ मध्ये आउश्वित्झ-बिर्केनाऊमध्ये प्रेते जाळण्याचे काम ज्यांच्यावर लादले होते त्या ज्यू कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून चार छायाचित्रे घेतली. टूथपेस्टच्या नळीतून ती बाहेर पोचवली गेली. २०१४ मध्ये रिश्टर यांनी ती चार मोठ्या कॅनव्हासांवर उतरवायला घेतली आणि मग थरावर थर चढवत, रंग खरवडत, पूर्ण झाकून टाकली. पुरावा नष्ट केला म्हणावे, तर या चित्रांबरोबर त्या मूळ चार छायाचित्रांच्या प्रती प्रदर्शनात लावल्या जातात. पुरावा शाबूत आहे आणि समोर आहे. झाकला गेला आहे तो चित्रकाराचा मोह. त्या मरणातून देखणे कॅनव्हास घडवण्याचा मोह. मरणाऱ्यांनी स्वतः जे टिपले त्यात आपल्या कौशल्याची भर घालायची नाही, असा निर्णय घ्यायला मोठी नम्रता लागते, आणि हातात असामान्य कौशल्य असलेल्यालाच त्याची किंमत मोजावी लागते.

खंडन पुरे. माझा सिद्धान्त असा. इतिहासाच्या चित्राने तीन गोष्टी केल्या पाहिजेत. आपल्याला हे कशावरून कळले, ते त्याने दाखवावे. चित्रकाराच्या आणि प्रेक्षकाच्या स्वतःच्या घराला त्याने सूट देऊ नये. आणि पाहणाऱ्याला निकाल हातात न देता निकाल देण्याची जबाबदारी द्यावी. रिश्टर हे तिन्ही करतात.

याचा अर्थ प्रत्येकाने कडा पुसाव्यात असा नाही. चित्रकार धुरंधर यांच्या ऐतिहासिक चित्रांनी आपल्याकडच्या पिढ्यांना भूतकाळाची दृष्टी दिली. त्या कामाचे मोल कमी होत नाही. पण त्याच साच्यातून निघणारी नवी चित्रे, अधिकाधिक चकचकीत आणि अधिकाधिक संतापलेली, आज संग्रहालयांपासून चौकांपर्यंत पसरत आहेत. त्यांना पगडीच्या पेचाबद्दल जाब विचारणारे खूप आहेत. हे तुम्हाला कशावरून ठाऊक, आणि यात आपण स्वतः कुठे उभे होतो, असे विचारणारे फार थोडे. आपल्या चित्रकारांना हे प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि ज्या चित्रकाराला त्यांची उत्तरे देताना नायकाचा चेहरा पुसावा लागेल, त्याच्यामागे आपण उभे राहिले पाहिजे.