दोन काटे



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांच्या बोलण्यात एक काटा हमखास असतो. तो म्हणजे वजनकाटा. त्यावर संशय घेणे हा सभासदाचा हक्कच आहे आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. संशय आला की आपण प्रमाणित वजने मागवतो, काट्यावर ठेवून बघतो, आणि खरे-खोटे तिथल्या तिथे होते. पण आपला ऊस वाहणाऱ्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, दुसरा एक काटा असतो. इंजिनाची उष्णता दाखवणारा. तो मात्र कोणी तपासत नाही. कोणी त्याला भितो, कोणी त्याला शिव्या देतो, बहुतेक जण त्याच्याकडे बघायचेच सोडतात. आज त्या काट्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा, पाणी यावर लिहावे. ट्रकचे इंजिन हा त्याचा विषय नव्हे. मान्य आहे. माझा डिप्लोमा शेतीचा आहे, इंजिनाचा नाही. पण गेल्या हंगामात जानेवारीत घडलेला एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही.

लांबच्या गटातील एका सभासदाचा ऊस तुटला. संध्याकाळी ट्रक भरला. अंधार पडता पडता गाडी चढाला लागली आणि अर्ध्यावर थांबली. निरोप आला म्हणून मोटारसायकलवर गेलो. रेडिएटरमधून वाफ येत होती आणि काटा लाल भागात. मी ड्रायव्हरला विचारले, "काटा वर गेलेला दिसला नाही का?" तो म्हणाला, "साहेब, तो दोन वर्षं वरच असतो. खोटा काटा आहे. मी बघायचंच सोडलंय." दोन वर्षे तो काटा खोटा होता, आणि नेमका त्या रात्री खरा निघाला. हेड गॅसकेट गेली. दुसरी गाडी मिळवून, माणसे आणून, ऊस उतरवून पुन्हा भरेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. शेजारच्या फडातील त्याच दिवशी तुटलेली खेप दुसऱ्या सकाळी गव्हाणीत पडली होती.

ते सभासद वजनाची पावती घेऊन माझ्या ऑफिसात आले. वयाने वडीलधारे. भांडले नाहीत. नुसते म्हणाले, "साहेब, वर्षभर पाणी पाजलं, खत घातलं. गाडी तापली त्यात माझ्या उसाचा काय गुन्हा?" मी म्हणालो, "तुमचं खरं आहे, आबा." पुढे काय बोलावे ते सुचले नाही.

त्यांचे दुखणे आपल्या सगळ्यांचे आहे. तुटलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा, हे आपण वर्षानुवर्षे सांगतो ते उगीच नाही. ऊस तुटल्यापासून वाळतो, वजन घटते, आणि आतल्या साखरेचे विघटन सुरू होते. वजन कारखान्यावर होते, म्हणजे वाटेत वाळलेले वजन सभासदाच्याच खिशातून जाते. साखरेचा उतारा घटला तर फटका एकट्याला नाही, सगळ्यांना बसतो, कारण उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातूनच वजा होतो. म्हणजे ज्या गाडीने आपला ऊस वाटेत वाळवला तिचे भाडेही आपणच भरतो. मग त्या गाडीतला काटा हा आपला विषय नाही असे कसे म्हणता येईल?

त्या प्रसंगानंतर मी आमच्या वर्कशॉपमधील मिस्तरींच्या मागे लागून हा विषय समजून घेतला. ते सांगू लागले तेव्हा वाटले, हे तर आपल्याच शेतातले गणित आहे. उसाचे पान पिवळे पडले की आपण युरियाचे पोते उचलतो. पण पिवळे पान कधी नत्राच्या कमतरतेने असते, कधी चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने, तर कधी सरीत पाणी साचल्याने. पान खोटे बोलत नाही, पण एकटे पान सगळे सांगतही नाही. काट्याचेही तसेच. काटा वर गेला म्हणजे इंजिन तापले असेल, किंवा काट्याचीच यंत्रणा बिघडली असेल. कोणते, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तपास मात्र सोपा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे काटा केव्हा चढतो ते बघावे. सकाळी थंड गाडीची चावी फिरवताच काटा लाल भागात गेला तर दोष बहुधा तारेत, सेंडरमध्ये किंवा काट्यात आहे. रात्रभर उभे असलेले इंजिन क्षणात तापत नाही. गाडीतळावर नंबर लागेपर्यंत चालू ठेवली असता चढतो आणि रस्त्याला लागल्यावर उतरतो, तर पंखा आणि त्याचा पट्टा बघावा. भरलेल्या गाडीला चढावर वर जातो आणि सपाटीला येऊनही उतरत नाही, तर रेडिएटर चोंदला आहे का, पाणी नीट फिरते का, हे पाहावे. चढावर थोडा चढून सपाटीवर पुन्हा जागेवर येणारा काटा मात्र आपले काम चोख करतो आहे.

दुसरी गोष्ट तारेची. बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिनावर पाण्यात बुडालेला एक सेंडर असतो आणि त्यापासून एक तार काट्यापर्यंत येते. चावी चालू ठेवून सेंडरवरची तार काढावी. काटा खाली, थंडाकडे यायला हवा. तीच तार क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावी. काटा वर जायला हवा. क्षणभरच, जास्त वेळ धरली तर काटा जळण्याची भीती असते. दोन्ही वेळी काटा नीट हलला तर काटा आणि तार ठीक आहेत. मग दोष सेंडरमध्ये, नाही तर इंजिन खरेच तापते आहे. तार काढूनही काटा वरच राहिला तर तार कुठे तरी घासून बॉडीला लागली असेल, नाही तर काटाच बिघडला असेल. दिवे लावताच काटा हलत असेल तर अर्थिंग सैल किंवा गंजलेले आहे. डिझेलचा काटाही त्याच वेळी वेडेवाकडे दाखवू लागला, तर दोघांना मिळणारा वीजपुरवठा तपासावा.

काही जुन्या गाड्यांत तारेऐवजी बारीक नळी असते. ती चेपली किंवा फुटली की काटा वर चढतच नाही. तिचे टोक गरम पाण्यात बुडवले की निकाल लागतो. काटा हलला नाही तर नळीसकट काटा बदलायचा.

तिसरी गोष्ट पडताळ्याची. प्रमाणित वजनासारखे इथेही एक प्रमाण आहे. सेंडर काढून पाण्याच्या भांड्यात सोडावा, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि पाणी तापवावे. तार जोडून आणि सेंडरच्या धातूला अर्थिंग देऊन काटा कुठे येतो ते पाहावे. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांला उकळते. आपल्याकडे साधारण 550 मीटर उंचीवर ते सुमारे 98 अंशांला उकळते. हल्ली लांबून उष्णता मोजणारी छोटी यंत्रेही मिळतात. थर्मोस्टॅटच्या घराजवळ तसले यंत्र धरले तर काटा आणि इंजिन यांचा मेळ आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो.

आता सर्वात धोक्याची गोष्ट. काटा वर गेला तर निदान माणूस घाबरतो. पण रेडिएटर गळून पाणी फार कमी झाले तर सेंडर उघडा पडतो. त्याच्याभोवती पाणीच नसते, मग तो मोजणार काय? अशा वेळी इंजिन भाजत असते आणि काटा मात्र खाली येतो. ड्रायव्हर म्हणतो, बरे झाले, गाडी थंड झाली. चढावर काटा अचानक खाली आला तर आनंद मानू नये, गाडी बाजूला घ्यावी. सकाळी गाडी थंड असताना पाण्याची पातळी पाहणे याला पर्याय नाही.

आपल्या भागापुरत्या आणखी दोन गोष्टी. ट्रक फडात शिरतो तेव्हा पाचटाचा चुरा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. आठवड्यातून एकदा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारून ती धुवावी. आणि बोअरचे खारे पाणी रेडिएटरमध्ये भरू नये. ज्या पाण्याने आपल्या जमिनी बिघडल्या त्याच पाण्याने इंजिनात क्षारांचा थर बसतो. उष्णता फार होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवयही वाईट. थंड चालणारे इंजिन जास्त डिझेल पिते आणि लवकर झिजते, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरते व गाडी अधिकच तापते.

गाडी तापलीच तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. त्या झाकणामुळे आत दाब राहतो. अर्ध्या बारचे झाकण असेल तर आतले पाणी सुमारे 110 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण उघडताच उसळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. सावकाश निवू द्यावे.

हे सगळे सांगितल्यावर एक गाडीमालक मला म्हणाले, "साहेब, काटा बघत बसलो तर खेपा कशा व्हायच्या?" त्यांची अडचण मला समजते. जुनी गाडी, कर्जाचा हप्ता, हंगाम चार-पाच महिन्यांचा. पण एका सेंडरची किंमत एका खेपेच्या भाड्यापुढे किरकोळ आहे, आणि वर सांगितलेला तारेचा तपास दहा मिनिटांचा आहे. हेड गॅसकेट गेली तर खेपा किती बुडतात, हे त्यांनाच माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. हंगामापूर्वी वाहनांचे करार होतात तेव्हा टायर, ब्रेक, दिवे बघतो तसा हा काटाही आपल्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्यावा. काटा बिघडलेला असेल तर दुरुस्त झाल्याशिवाय गाडी फडात पाठवू नये. यात ड्रायव्हरला दोष देण्याचा हेतू नाही. ज्याला दोन वर्षे खोटा काटा दिला त्याने तो खरा मानावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि काटा वर गेला म्हणून ज्याने गाडी वेळेवर थांबवली त्याला गाडीमालकाने, आम्ही शेतकी खात्याच्या लोकांनी किंवा सभासदाने खेप उशिरा आली म्हणून बोल लावू नये. त्याने आपला ऊस वाचवलेला असतो.

सभासदांनीही एवढे करावे. गाडी बांधावर आली की ड्रायव्हरला चहा द्याच, आणि सोबत एक प्रश्न विचारा: "दादा, गरमीचा काटा चालतोय ना?" "नाही" म्हणाला तर भरण्याआधी गट ऑफिसला कळवा. वजनकाट्यापाशी आपण जेवढे जागे असतो तेवढेच या काट्यापाशी राहिलो, तर आबांच्या प्रश्नाला पुढच्या हंगामात माझ्यापाशी उत्तर असेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी