चित्राआधी फ्रेम शोधा

पाचगणीत निवासी शाळा पुष्कळ, डोक्यावर टेबललँडचं उघडं पठार, आणि हवामान हा तर इथला रोजचा विषय. म्हणून इथल्या विज्ञान शिक्षकांना आणि नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: हवामान उपग्रहाचं चित्र लॅपटॉपवर उतरवाल, तेव्हा चित्रावरच थांबू नका. त्या चित्राची सुरुवात संगणक कुठून धरतो, ते स्वतः शोधा.

सामान घेण्याआधी एक गोष्ट लक्षात असू द्या. अजूनही बरेच लोक अमेरिकेच्या नोआ उपग्रहांची जुनी कृती सांगतात. ते उपग्रह आता बंद आहेत. नोआ-18 जून 2025 मध्ये थांबला, नोआ-19 आणि नोआ-15 त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. त्यांचा अॅनालॉग संदेश फार क्षमाशील होता. सेकंदाला चित्राच्या दोन ओळी यायच्या, प्रत्येक ओळीआधी सात ठोक्यांची खूण असायची. ती खूण सापडली नाही तरी ढग दिसायचेच, फक्त चित्र तिरकं किंवा सरकलेलं यायचं. आता याच पट्ट्यात, 137 मेगाहर्ट्‌झच्या आसपास, रशियाचे मेटिओर-एम मालिकेतले उपग्रह ऐकावे लागतात आणि त्यांचा संदेश डिजिटल आहे. इथे सुरुवात सापडली नाही तर काहीच हाती लागत नाही.

रेडिओतून येते ती शून्य-एकची अखंड रांग. मोडी कागदात शब्द तोडलेले नसतात, पण माथ्यावरचा ‘श्री’ दिसला की मजकूर कुठून सुरू झाला ते कळतं. तसा ‘श्री’ इथेही आहे. 8192 बिटांची एक फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमच्या तोंडाशी 32 बिटांची ठरलेली खूण: 0001 1010 1100 1111 1111 1100 0001 1101. जगातल्या कितीतरी अवकाश मोहिमा हीच खूण वापरतात. तिच्यामागचा मजकूर मुद्दाम विस्कटून पाठवलेला असतो आणि तो सरळ करण्याची मोजणी खुणेपासूनच सुरू होते. एका बिटाने चुकलात तर अख्खी फ्रेम गेली. चुका दुरुस्त करणारं गणितही मग हतबल होतं.

ही खूण शोधणं म्हणजेच फ्रेम सिंक. रांगेतले 32 बिट घ्या, खुणेशी ताडून पाहा, किती जुळले ते मोजा, एक बिट पुढे सरका. शाळेत पायथन शिकवत असाल तर हा प्रोग्रॅम एका तासिकेत होतो. खरी विचार करण्याची जागा पुढे आहे. संदेशात खरखर असते, त्यामुळे 32 च्या 32 बिट नेहमी जुळणार नाहीत. मग किती चुका चालवून घ्यायच्या? आठ चालवून घेतल्या तर एका फ्रेमच्या लांबीत सरासरी 28-29 ठिकाणी निव्वळ योगायोगाने खूण ‘सापडेल’. चारच चालवल्या तर असा योगायोग बारा-तेरा फ्रेममध्ये एखाद्या वेळी. हा हिशेब मुलांना हाताने करू द्या. अकरावीच्या गणितातली संयोगांची बेरीज आहे ती. मग पुढचा प्रश्न मुलंच विचारतील: सापडलेली खूण खरी कशावरून? नेमक्या 8192 बिटांनंतर ती पुन्हा आली पाहिजे, आणि तिसऱ्यांदाही. एकदा ताल पक्का धरला की मधली एखादी खूण खरखरीत बुडाली तरी तो सोडायचा नाही.

सॅटडंप नावाचा मोफत प्रोग्रॅम हे सगळं आपोआप करतो. तो जरूर वापरा, पण त्याने जुळवून दिलेल्या फ्रेमची फाइल जपून ठेवा. शिक्षकांनी तिच्या सुरुवातीचे काही बिट कापावेत, मधले थोडे उलटवावेत आणि मुलांना सुरुवात शोधायला द्यावी. एखाद्या गटाला सगळेच बिट उलटवून द्या. 32 पैकी एकही जुळत नाही, हाही तितकाच पक्का पुरावा असतो, हे त्यांना स्वतःला उमगू द्या.

एवढा खटाटोप कशासाठी, असं पालक विचारतील. 23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शेजारच्या महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगाव इथे दरडी कोसळून माणसं गेली. या डोंगरात वाढणाऱ्या मुलांना इशाऱ्यामागची विदा कशी येते, कुठे तुटते, ते कळायलाच हवं. तुमचं चित्र हवामान खात्याच्या इशाऱ्याची जागा घेणार नाही. इशारा आला की तोच मानायचा.

अँटेना साधी चालते: सुमारे 53 सेंटिमीटरच्या दोन सळ्या, 120 अंशांच्या कोनात, आडव्या. उपग्रह जेमतेम दहा-पंधरा मिनिटं क्षितिजावर असतो. रेडिओ उपकरणांविषयीचा सध्याचा नियम शाळेने आधी विचारून घ्यावा. प्रक्षेपणाला तर परवाना लागतोच. वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात धातूच्या सळ्या घेऊन टेबललँडवर कोणीही जाऊ नये, तिथे विजेला दुसरं उंच काही मिळत नाही. थंडीत, आकाश निरभ्र असताना, मूळ संदेश जसाच्या तसा नोंदवून ठेवा. जून ते सप्टेंबर वर्गात बसून त्याच फायलींवर काम करता येतं.